डाळिंबाच्या भगवा वाणाचं रोप बियांपासून का नको? रोपं बुक करण्यापूर्वी वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

नर्सरीत आलं की बरेच जण विचारतात, "भगव्याचं फळ एवढं देखणं, मग त्याच्याच बिया लावल्या तर काय बिघडलं?" याचं उत्तर पेशीच्या केंद्रकात आहे.

पान, साल, मुळाचं टोक, कुठलीही जिवंत पेशी घ्या, तिच्यात बहुधा एक बारीक गोळा सापडतो. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींत तो पाहून त्याला केंद्रक म्हटलं. डाळिंबाच्या केंद्रकात डीएनएची, म्हणजे झाडाचे गुण ठरवणाऱ्या रसायनाची, १६ गुणसूत्रं (धाग्यांसारखे तुकडे) असतात. आपल्या जेकॉर्ड चादरीचा माग आठवा. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं कापडात जात नाहीत, पण मोर उमटणार की फूल हे तीच ठरवतात. केंद्रकातला डीएनएही आतच राहतो. लागेल त्या जनुकाची (डीएनएच्या त्या भागाची) आरएनए ही नक्कल बाहेर जाते आणि तिच्यावरून पेशी प्रथिनं घडवते. दाण्याचा रंग, सालीची जाडी इथूनच येते. खत-पाण्याचा वाटाही मोठा, पण वाण त्याने बदलत नाही.

बी धरताना मात्र हा संच फुटतो. परागातून ८ आणि बीजांडातून ८ गुणसूत्रं येऊन नवीच जुळणी होते. म्हणून एकाच फळातल्या बियांची झाडं भावंडांसारखी निघतात, हुबेहूब नाही. आणि हे कळतं फळ लागल्यावर, काही वर्षं पोसून झाल्यावर!

म्हणून आम्ही बी न लावता फांदीपासूनच रोप करतो, त्याला गुटी म्हणतात. गुटीत आम्ही फांदीवरचं इंचभर सालीचं कडं काढून ओलं मॉस बांधतो. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. ती फांदीच्याच पेशींतून फुटलेली असतात. पेशी दुभागण्याआधी डीएनएची नक्कल होते, त्यामुळे दोन्ही नव्या पेशींना पूर्ण १६ मिळतात. टिश्यू कल्चरचंही (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेल्या रोपाचंही) तेच, फक्त तिथे वाढीच्या फेऱ्या फार झाल्या तर वाणात फरक पडू शकतो. किती फेऱ्यांचं रोप आहे, हे बेधडक विचारा.

वाण तोच आला म्हणजे रोप निरोगी, असं मात्र समजू नका. तेल्या रोगाचे जिवाणू गुटीबरोबर येऊ शकतात. आमच्या पहिल्या बागेसाठी फळ बघून गुट्या आणल्या, मातृवृक्ष, म्हणजे गुट्या ज्यावर बांधल्या ते झाड, पाहिलाच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पानांवर तेलकट ठिपके आले आणि बाग उपटावी लागली. आता मातृवृक्ष दाखवल्याशिवाय आम्ही बुकिंग घेत नाही. सकाळी या, पानं उजेडाकडे धरून स्वतः बघा.