शब्दघटक आणि वर्णलेखन, इंग्रजी

इंग्रजी लेखनातील अक्षरे केवळ उच्चार नोंदवीत नाहीत. शब्द ज्या अर्थपूर्ण घटकांचा बनला आहे, त्यांची ओळखही राखतात. अशा लहानात लहान घटकाला भाषाविज्ञानात रूपिम किंवा रूपिका म्हणतात. धातू, उपसर्ग, प्रत्यय या आपल्या व्याकरणातील संज्ञा त्याला बऱ्याच अंशी लागू पडतात, मात्र त्या पदसिद्धीसाठी योजलेल्या आहेत. वर्णलेखनाचा, म्हणजे स्पेलिंगचा, उलगडा हा त्यांचा मूळ हेतू नव्हे.

सर्वांत नियमित उदाहरण भूतकाळाच्या प्रत्ययाचे. वॉक, प्ले आणि वॉण्ट यांची भूतकाळी रूपे बोलताना अनुक्रमे ट्, ड् आणि इड् अशी संपतात. लिहिताना तिन्हीकडे ई व डी हीच अक्षरे येतात. कान तीन प्रत्यय ऐकतो, डोळा एकच पाहतो. मूळ शब्दांचेही असेच. साइनमधील जी उच्चारात नाही. सिग्नल व सिग्नेचर यांत ते ऐकू येते. मसलमधील मूक सी मस्क्युलरमध्ये, बॉममधील अंत्य बी बम्बार्डमध्ये उच्चारले जाते. दोन या अर्थाच्या टूमधील डब्ल्यू निरर्थक वाटतो, पण ट्विन, ट्वाइस, ट्वेंटी ही त्याचीच भावंडे आहेत.

ऋण या अर्थाच्या डेट शब्दातील बीचा उगम वादग्रस्त आहे. मध्ययुगात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हते. सोळाव्या शतकातील लॅटिनप्रेमी विद्वानांनी देबितुम या मूळ शब्दाकडे पाहून ते घातले, असे सरसकट सांगितले जाते. परंतु फ्रेंच लेखनिक त्याआधीच, बहुधा तेराव्या शतकापासून, आपल्या शब्दात हे अक्षर लिहीत होते. त्यामुळे इंग्रजांनी ते थेट लॅटिनवरून घेतले की फ्रेंच दस्तऐवजांतून, हे निर्विवाद ठरत नाही. दोन्ही प्रभाव एकत्र होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १५९८ मध्ये छापलेल्या शेक्सपियरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकातील पंतोजी होलोफर्नीस हे बी उच्चारलेच पाहिजे म्हणून हट्ट धरतो. शतकाअखेर ते लेखनात रुळू लागले होते, बोलण्यात नव्हते, असे अनुमान त्यावरून निघते. बी कोणीही आणले असो, त्यामुळे बँकेच्या पासबुकातील डेबिटशी या शब्दाचे नाते नजरेला दिसते. डाउटमधील बीही याच प्रकारचे. आयलंडमधील एस मात्र चुकीच्या नात्यातून आले: जुन्या इंग्रजी शब्दात ते नव्हते, आइल या वेगळ्या मुळाच्या शब्दावरून ते घुसले. म्हणजे वर्णलेखन अर्थसंबंध दाखवते, तसे ते क्वचित खोटेही दाखवते.

नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले या भाषावैज्ञानिकांनी १९६८ मध्ये इंग्रजी वर्णलेखन जवळजवळ आदर्श आहे, असे प्रतिपादन केले. रिचर्ड व्हेनेझ्की यांनी १९७० मध्ये उच्चार आणि रूपिम हे दोन्ही स्तर मानून अधिक संयत मांडणी केली व तीच उदाहरणांना जास्त जुळते. कारण अपवाद थोडे नाहीत: फोरमधील यू फॉर्टीत गळतो, स्पीकमधील स्वराची ईए ही अक्षरे स्पीचमध्ये दोन ई होतात.

लेखन घटकाची ओळख राखते की नाही, हा प्रश्न नागपूरच्या नावात जवळून पाहता येतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत शहराचे नाव अनेकदा पोर या अंत्यघटकाने लिहिलेले आढळते. भारतीय नावे रोमन लिपीत लिहिण्याची विल्यम हंटर यांची लिप्यंतरपद्धती १८७० नंतर सरकारी कामकाजात रुजत गेली, तसे पी-यू-आर हे रूप स्थिरावले. मराठीत ग्रामनामातील पूर दीर्घ लिहावा, असा शुद्धलेखनाचा नियम आहे. पण नागपुरात, नागपुरी या रूपांत तोच घटक ऱ्हस्व होतो. हिंदीत तो मुळातच ऱ्हस्व. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर देवनागरीतील दोन नावे शेजारीशेजारी वाचली की फरक लगेच ध्यानात येतो. इंग्रजी रूपाला ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन नसल्याने तेथे घटक सर्वत्र एकसारखा राहतो.

शब्दघटकांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी उपयोगही याच शहरात झाला. डॉ. रघुवीर (१९०२–१९६३) यांनी लाहोरमधील आपली सरस्वती विहार ही संस्था फाळणीच्या सुमारास नागपुरास आणली आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या राजवटीत पारिभाषिक शब्दांचे मोठे काम चालवले. इंग्रजी संज्ञेचे घटक ओळखायचे, त्यांना संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय जुळवायचे आणि एका मुळापासून अख्खे शब्दकुल उभे करायचे, ही त्यांची रीत. विधी, विधान, विधेयक, विधायक, वैध, अवैध या मालिकेत ती स्पष्ट दिसते: लॉ, बिल, लीगल हे इंग्रजी शब्द दिसायला एकमेकांपासून तुटलेले आहेत, तर संस्कृतावर आधारित शब्दांत त्यांचे नाते उघड आहे. त्यांचे अनेक शब्द जड व अपरिचित असल्याचा आक्षेप घेतला गेला, आणि तो निराधार नाही. पण घटक एकदा ओळखीचा झाला की त्याच कुळातला नवा शब्द अडत नाही, ही त्यांची बाजू अधिक टिकाऊ ठरली आहे. त्यांचा इंग्रजी-हिंदी प्रशासकीय व शैक्षणिक शब्दकोश १९५५ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले. मराठी परिभाषेचे काम १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाकडे गेले.