डाउनट्यूब शिफ्टर : घर्षण व खटका पद्धती

जुन्या रोड सायकलीच्या सांगाड्यातील तिरक्या खालच्या नळीवर, म्हणजे डाउनट्यूबवर, गिअर बदलण्यासाठी बसवलेल्या दोन छोट्या दांड्यांना डाउनट्यूब शिफ्टर म्हणतात. उजवा दांडा मागच्या चाकावरील चक्रांसाठी, तर डावा पेडलजवळील चक्रांसाठी असतो. उजवा दांडा मागे ओढला की केबल ताणली जाऊन डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, चेनला मोठ्या चक्रावर चढवतो. पुढे सोडला की डिरेलरमधील स्प्रिंग तिला लहान चक्रावर उतरवते.

घर्षण पद्धतीत दांड्याला ठरावीक थांबे नसतात. वॉशरांच्या घर्षणामुळे तो सोडू तिथे राहतो आणि हे घर्षण स्क्रूवरील डी-आकाराची कडी फिरवून कमी-जास्त करता येते. नेमकी जागा स्वारालाच शोधावी लागते : दांडा गरजेपेक्षा किंचित जास्त ओढायचा, चेन चढली की केसभर मागे घ्यायचा आणि खरखर थांबली की हात काढायचा. कडी सैल राहिली, तर कसारा घाटाच्या चढावर जोर लावताच दांडा आपोआप पुढे सरकतो, चेन लहान चक्रावर उतरते आणि ऐन चढात गिअर जड होतो. सनटूर कंपनीने रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने सहज फिरणारे दातेरी चक्र, तर सिम्प्लेक्स कंपनीने स्प्रिंग वापरून दांडा ओढताना हलका आणि परत सरकताना घट्ट राहील, अशी सोय केली.

खटका पद्धतीत दांड्याच्या आत प्रत्येक चक्रासाठी एक थांबा असतो. सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ड्यूरा-एस ७४०० या शर्यतीच्या भागांच्या संचात एसआयएस नावाने ही पद्धत आणली आणि ती रुळली. त्याआधीचे प्रयत्न, शिमानोचीच आधीची पॉझिट्रॉन ही खटका पद्धत धरून, शर्यतीच्या सायकलींवर टिकले नव्हते. डावा दांडा मात्र बहुधा घर्षणाचाच राहिला, कारण पुढच्या डिरेलरची पट्टी चेनला घासू लागली की ती थोडी सरकवावी लागते.

खटक्यामुळे अचूकतेची जबाबदारी हाताकडून सुट्या भागांकडे गेली, आणि जुनी सायकल पुन्हा उभी करताना खरी अडचण इथेच येते. सहा चक्रांच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरील चक्रांच्या जुडग्यात, दोन चक्रांतले अंतर साधारण ५.५ मिलिमीटर, सातमध्ये ५ आणि आठमध्ये ४.८ मिलिमीटर असते. त्यामुळे दांडा, डिरेलर व चक्रे एकमेकांना जुळणारी नसतील, तर एखाद-दुसरा गिअर नीट लागतो आणि बाकीचे घासत राहतात. ७४०० चा डिरेलर तर शिमानोच्याच इतर संचांच्या दांड्यांशी जुळत नाही. नाशिकमध्ये मिळतील ते सुटे भाग घालून जुनी सायकल चालती करायची असेल, तर घर्षणाचा दांडाच सोयीचा. शिमानोच्या अनेक खटकेवाल्या दांड्यांत कडी फिरवून घर्षणावर जाण्याची सोय असते, तीही अशा वेळी उपयोगी पडते.

जुळलेल्या संचात चेन मोठ्या चक्रावर चढायला रेंगाळत असेल, तर केबल सैल आहे असे समजून डिरेलरजवळचा केबल ताणण्याचा स्क्रू पाव फेरा बाहेर काढावा. उतरायला रेंगाळत असेल, तर आधी डिरेलरमागचा आउटरचा, म्हणजे केबलवरच्या नळीचा, छोटा वळसा पाहावा. पावसाळ्यात चिखल तिथे शिरतो आणि स्क्रू कितीही फिरवला तरी दोष जात नाही.

दोन्ही पद्धतींत गिअर बदलताना पेडल फिरते ठेवून जोर तेवढा कमी करावा लागतो आणि एक हात हँडलवरून काढावा लागतो, जे त्र्यंबक रस्त्यावरच्या गर्दीत गैरसोयीचेच आहे. शिमानोने १९९० मध्ये आणि कॅम्पाग्नोलो या कंपनीने १९९२ मध्ये हे काम ब्रेकच्या दांड्यांकडे नेले, त्यानंतर नव्या शर्यती सायकलींवरून डाउनट्यूब शिफ्टर हळूहळू दिसेनासे झाले.