टर्बो शाबूत, इंजिन बसलं

इंदूरच्या नवलख्याजवळच्या एका गॅरेजमध्ये परवा टर्बो पेट्रोल गाडीचा पिस्टन हातात घेऊन पाहिला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या कडेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा उडाला होता. वितळल्याची खूण नव्हती. शिळ्या लाडवाचा कोपरा तुटावा तशी दाणेदार कड. मिस्त्री म्हणाला, "टर्बो तो चकाचक है भिया, इंजन बैठ गया."

"टर्बोची गाडी म्हणजे डोकेदुखी" असं इंदुरात सर्रास ऐकू येतं, पण दोष बहुधा टर्बोचा नसतो. तो हवा कोंबून देतो, ती सोसायची पिस्टनला. आणि ती सोसवेल इतपत ठेवण्याची राखण कोणी करायची, यावरच या यंत्राचा सगळा इतिहास फिरतो.

हवा कोंबण्याचं कौतुक इंदूरला नवं नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३५ सालची ड्युसेनबर्ग एसजे ही अमेरिकी गाडी सुपरचार्जरवाली होती, ३२० अश्वशक्तीची. पण हवा कोंबणारा हा सुपरचार्जर इंजिनच्या क्रँकच्याच ताकदीवर फिरतो, म्हणजे इंजिनच्या कमाईतून खातो. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायची, म्हणजे टर्बोची, कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. पेटंट १९०५ चं. जहाजं, विमानं आणि ट्रक यांनी ती आधी उचलली. पेट्रोल गाडीत ती यायला १९६२ उजाडलं.

त्या साली अमेरिकेत दोन टर्बो गाड्या आल्या, शेवरले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर. यातली जेटफायर जरा थांबून पाहण्यासारखी आहे. ३.५ लिटरचं अॅल्युमिनियम व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती आणि कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) १०.२५ ला १. इतक्या दाबाखाली पेट्रोल ठिणगीपासून निघालेली ज्वाळा पोचायची वाट पाहत नाही, कोपऱ्यात आपोआप भडकतं आणि इंजिन ठणठणतं. त्यावर कंपनीचा तोडगा म्हणजे 'टर्बो रॉकेट फ्लुइड': डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण, बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) चढला की इंजिनात फवारलं जाणारं. त्याची टाकी मालकानं भरत राहायची. मालक विसरले. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कापायची, आणि "आता पळत नाही" म्हणून लोक शोरूममध्ये परत यायचे. कित्येकांनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. १९६३ नंतर जेटफायर बंद.

युरोपनं दुसरी वाट धरली, कॉम्प्रेशनच उतरवलं. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो तेलसंकटात सापडली आणि १,६७२ गाड्यांवर थांबली. रेसिंगमध्ये रेनॉनं १९७७ साली सिल्व्हरस्टोनला दीड लिटरचा टर्बो आणला. तो इतक्यांदा धूर सोडत थांबायचा की इंग्रज त्याला पिवळी किटली म्हणू लागले. १९७९ मध्ये दिजाँला त्याच रेनॉनं शर्यत जिंकली. रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र त्या काळी खरोखर टर्बोच मरायचा. घाट चढून आल्या आल्या चावी बंद केली की तापलेल्या बेअरिंगमधलं तेल जळून त्याची काजळी धरायची. 'बंद करण्यापूर्वी मिनिटभर चालू ठेवा' ही सूचना तेव्हाची. पुढे बेअरिंगभोवती पाणी खेळवलं आणि ही तक्रार बरीच निवळली.

खरी कलाटणी स्वीडनच्या साब कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिली. तिच्या एपीसी यंत्रणेत सेन्सर इंजिनची ठणठण ऐकतो आणि बूस्ट आपसूक उतरवतो. इंजिनची राखण करण्याचं काम मालकाकडून यंत्राकडे गेलं.

आपल्याकडे टर्बो पेट्रोल वाढण्यामागे करही आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सूट मिळाली. म्हणजे इंजिन लहान ठेवूनच ताकद काढायची. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय १.२ लिटरची होती, १०५ अश्वशक्तीची. २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर छोटी डिझेलं गेली आणि एक लिटरचे टर्बो घरोघरी झाले.

त्यांच्यासोबत नवं दुखणं आलं, एलएसपीआय. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना (जसं वरच्या गियरात चढ चढताना), जास्त भार पडला की सिलिंडरच्या भिंतीवरचा तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीआधीच पेट घेतो. एकाच धक्क्यात रिंगची कड तुटू शकते. सेन्सरला ऐकू येईपर्यंत घाव बसलेला असतो. तेलातल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटमुळे हे वाढतं असं दिसल्यावर २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा तेलाचा दर्जा आला. डब्यावर ही अक्षरं न पाहता स्वस्तातलं तेल ओतणारे मी रोज पाहतो.

कारखानाही चुकतो. फोर्ड फोकस आरएसच्या काही इंजिनांत मस्टँग या दुसऱ्याच गाडीचा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधली सीलची पट्टी) बसला होता. २०१८ मध्ये कंपनीनं ते बदलून दिले. पण आपल्या बायपासवरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी असते. कंपनीनं खराब पेट्रोल, मेची ऊन्हं आणि आळशी मालक धरून जी शिल्लक राखलेली असते, तीच रिमॅपवाला, म्हणजे इंजिनच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवून देणारा, 'स्टेज वन' म्हणून विकतो.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्या तपासण्याच्या केंद्रातला हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. तिथे गाडी तासन्‌तास पळवली तर इंजिन फुटेल, असं लोकांना वाटतं. वर सांगितलेल्या पिस्टनची गाडी तिकडे कधी गेलेलीच नव्हती. मालकाला मिस्त्रीनं एवढंच विचारलं, "भेरूघाट कौन से गियर में चढ़ते हो?"

"पाँचवें में. खींच लेती है ना."