डोक्याची खाज आणि ‘नैसर्गिक’ उपाय : पार्श्वभूमी

डोकं खाजतंय म्हटल्यावर ‘केमिकल सोडा, नैसर्गिक लावा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याला बळ देणारा एक निर्णय २०२२ मध्ये युरोपीय संघात अमलात आला: कोंड्याच्या शाम्पूंमधल्या झिंक पायरिथिऑन या घटकावर बंदी. तो निर्णय बहुतेक वेळा अर्धवट सांगितला जातो, म्हणून ही टिपणी.

त्याआधीचं थोडक्यात. १९३० च्या दशकात कृत्रिम डिटर्जंटचे शाम्पू आले, तोवर केसांना मुख्यतः साबणच असे. साबण अल्कधर्मी, तर त्वचा किंचित आम्लधर्मी. शिवाय जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांच्या मुळाशी बसतो. शाम्पूने तो थर गेला, पण तीव्र शाम्पू त्वचेचं स्वतःचं तेलही ओढून नेतो.

कोंड्यातली बुरशी १८७४ मध्येच वर्णिली गेली होती. तरी विसाव्या शतकात बराच काळ तिला दोष दिला गेला नाही. पेशी फार वेगाने झडतात, एवढंच कारण मानलं जाई. १९८४ नंतर बुरशीनाशकांच्या परिणामामुळे मत फिरलं. २००७ मध्ये तिची जनुकीय संहिता वाचली गेली आणि कळलं की तिला स्वतःची मेदाम्लं तयार करताच येत नाहीत. ती आपल्या डोक्यावरच्या तेलावर जगते, आणि त्यातून उरणारं ओलेइक आम्ल काहींच्या त्वचेला झोंबतं. प्रयोगशाळेत तिच्यातल्या बऱ्याच जाती वाढवायला थाळीवर ऑलिव्ह तेल द्यावं लागतं. हेच तेल खाजेवर चोळायला सांगितलं जातं! धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी होते आणि बारीक पांढरा भुसा पडतो, तिथे धुण्यापूर्वी थोडं तेल उपयोगी पडू शकतं. पापुद्रे तेलकट, पिवळसर असतील तर तेच तेल बुरशीच्या पथ्यावर पडतं.

आता तो निर्णय. झिंक पायरिथिऑन हा घटक १९६० च्या दशकापासून कोंड्याच्या शाम्पूंमध्ये वापरात आहे. प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून युरोपीय संघात त्याची नोंद ‘प्रजननास घातक’ या गटात झाली. त्या गटातला पदार्थ सौंदर्यप्रसाधनांत आपोआप निषिद्ध होतो. सूट हवी तर इतर अटींसोबत या दोन गोष्टीही सिद्ध कराव्या लागतात: वापर सुरक्षित आहे, आणि दुसरा योग्य पर्याय नाही. पहिल्या अटीबाबत तिथल्याच वैज्ञानिक समितीने २०२० मध्ये म्हटलं की धुऊन टाकायच्या कोंड्याच्या शाम्पूत १ टक्क्यापर्यंत तो सुरक्षित आहे. अडलं ते दुसऱ्या अटीवर. कोंड्यावर इतर घटक उपलब्ध असल्याने ‘पर्याय नाही’ हे उत्पादकांना दाखवता आलं नाही आणि १ मार्च २०२२ पासून बंदी लागू झाली. अमेरिकेत मात्र हाच घटक विनाचिठ्ठी मिळत राहिला. म्हणजे शाम्पू वापरणाऱ्यांना अपाय झाला म्हणून ही बंदी आलेली नव्हती. ‘विष निघालं’ असं सांगत तिचा प्रचार करणं मला अन्यायाचं वाटतं. गुण येत असलेला उपाय त्यामुळे कुणी घाबरून सोडू शकतं.

आणि त्या जागी सुचवलं काय गेलं? बहुधा टी ट्री तेल (चहाचं नव्हे, एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं). त्याला आधार आहे: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२६ जणांपैकी ५ टक्के तेलाचा शाम्पू चार आठवडे वापरणाऱ्यांचा कोंडा ४१ टक्क्यांनी घटला, नुसत्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. पण २०२३ मध्ये युरोपातल्याच वर्गीकरण समितीने टी ट्री तेलही ‘प्रजननास घातक’ गटात टाकण्याची शिफारस केली. झाडातून आलंय म्हणून नियम वेगळा नसतो. शिवाय हे तेल पातळ न करता लावलं तर त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि जुनं, हवा लागलेलं असेल तर जास्तच.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा यांना असा आधारही नाही. आधीच भेगाळलेल्या त्वचेवर दोन्ही झोंबतात. खरोखर कोरड्या त्वचेसाठी कोमट पाणी, सौम्य बिनवासाचा शाम्पू, फेस नीट निघेपर्यंत धुणं आणि नखांनी न ओरबाडणं एवढं आधी करून पाहावं. जाड खपल्या, स्राव किंवा केस जाऊन पडलेले चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, कारण सोरायसिस आणि गजकर्णाची सुरुवातही खाजेनेच होऊ शकते.