जबड्याच्या हाडमोडीवर प्लेट बसवणे

खालच्या जबड्याचे मोडलेले हाड टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या (प्लेट) व स्क्रू लावून जागेवर पक्के करण्याची शस्त्रक्रिया. हाड सांधणे हे तिचे निम्मेच काम होय; वरखालचे दात अपघातापूर्वी जसे जुळत होते तसेच पुन्हा जुळले पाहिजेत, ही तिची खरी कसोटी.

कोकणात अशा हाडमोडी महामार्गावरील व घाटांतील दुचाकी अपघातांत होतात, तशाच आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडल्याने आणि होडीच्या ओल्या फळीवर घसरल्यानेही. हनुवटी उघडी ठेवणारे अर्धे हेल्मेट जबडा वाचवत नाही. माणूस हनुवटीवर आपटला की हनुवटी मोडू शकते, शिवाय धक्का कानापुढच्या सांध्यांपर्यंत जाऊन तिथेही दोन्हीकडे हाड मोडू शकते. हनुवटीच्या जखमेला टाके घालून रुग्णाला घरी धाडले, तर सांध्याची ही मोड नजरेतून सुटते. दात नीट न बसणे, खालचा ओठ बधिर होणे आणि जिभेखाली रक्त साकळणे ही हाडमोडीची ठळक लक्षणे.

पूर्वी दातांवर धातूची पट्टी बांधून दोन्ही जबडे तारेने एकमेकांना जखडत आणि तोंड चार ते सहा आठवडे बंद ठेवत. सांध्याच्या काही मोडींत आजही तोंड काही काळ बांधतात. पण उलटी झाली तर ती घशात अडकण्याची भीती असते, म्हणून रुग्णाजवळ तारा कापायची कात्री ठेवावी लागते. बोट लागून उलट्या होणाऱ्या माणसाने असे बांधलेले तोंड घेऊन मचव्यावर जाणे जिवावर बेतू शकते. प्लेटमुळे तोंड लवकर उघडता येते; दर्यावर पोट असणाऱ्याला याचे मोल फार मोठे आहे.

आजच्या छोट्या प्लेटची पद्धत फ्रान्समध्ये घडली. तिथले शल्यचिकित्सक मिशले यांनी 1973 मध्ये ती मांडली आणि स्ट्रासबुर्गच्या शाँपी यांनी 1978 मध्ये तिला शास्त्रीय बैठक दिली. चावताना जबड्याची वरची कड ताणली जाते, खालची दाबली जाते. म्हणून ताणाच्या रेषेवर लावलेली लहानशी पट्टीही पुरते. अक्कलदाढेमागच्या कोनावर बहुधा एक प्लेट बसवतात. पुढच्या भागात हाडाला पीळही पडतो, तेव्हा तिथे एकाखाली एक अशा दोन लागतात. सुमारे 2 मिमी जाडीचे स्क्रू हाडाच्या फक्त बाहेरच्या थरात रुततात, त्यामुळे दातांची मुळे व ओठाकडे जाणारी नस वाचवता येते. हाडाचा चुरा झाला असेल, किंवा म्हातारपणी दात जाऊन जबडा झिजला असेल, तर मात्र जाड प्लेट आणि आरपार स्क्रू वापरावे लागतात.

भुलीची नळी नाकातून घालतात, कारण शस्त्रक्रिया चालू असताना दात मिटवून पाहायचे असतात. छेद बहुधा तोंडाच्या आतूनच घेतात, म्हणून चेहऱ्यावर व्रण राहत नाही. आधी दात जुळवून तात्पुरते बांधतात, मगच हाडाच्या वळणाप्रमाणे वाकवलेली प्लेट बसवतात. हा क्रम चुकला तर हाड जुळते आणि घास चावता येत नाही.

सिंधुदुर्गातले अनेक रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, रायगडातले मुंबई गाठतात. इतक्या वाटेत एक गोष्ट सांभाळायलाच हवी. हनुवटी दोन्ही बाजूंनी मोडली असेल तर उताणे झोपवल्यावर जीभ मागे पडून श्वास कोंडतो. मानेला इजा नसेल तर रुग्णाला पुढे झुकवून बसवावे. शस्त्रक्रियेला एक-दोन दिवस उशीर झाला तरी चालतो, मात्र दातांजवळची मोड तोंडात उघडी असल्याने प्रतिजैविके सुरू करावीत आणि तोंड स्वच्छ ठेवावे. तंबाखू व मिशेरी बंद.

प्लेट बसली म्हणजे लगेच सुके बोंबील चावता येतात असे नाही. चार ते सहा आठवडे मऊच खावे लागते. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, माशाचे गाळलेले सार हा आहार कोकणातल्या घराला नवा नाही, आणि पिठी व सारातून प्रथिनेही मिळतात.

मोठ्यांच्या जबड्यातली प्लेट सहसा कायम राहू देतात. पू झाला किंवा स्क्रू सैल झाला तरच काढतात. लहान मुलांच्या जबड्यात कायमच्या दातांचे अंकुर असतात आणि त्यांचे हाडही भराभर जुळते. म्हणून त्यांना शक्यतो प्लेट टाळतात. घातलीच तर ती पुढे काढून टाकतात.