शी-शूची बालपुस्तकं

शी, शू, संडास, गटार, शेण-लेंड्या असे विषय घेऊन लहान मुलांसाठी केलेली पुस्तकं. चित्रपुस्तकं, माहितीची पुस्तकं आणि आता चक्क अभ्यासाच्या वह्याही यात आल्यात.

सगळ्यात गाजलेलं बहुतेक जपानचं 'मिन्ना उन्ची', म्हणजे 'सगळेच शी करतात'. तारो गोमी यांचं, १९७७ चं, इंग्रजीत यायला १९९३ उजाडलं. यात गोष्ट अशी काही नाहीच, हत्तीची मोठी, उंदराची बारीक, कोणी चालता चालता करतं, कोणी ठरलेल्या जागी जातं, कोणी केलं की तसंच निघून जातं तर कोणी नंतर साफ करतं, आणि शेवटी एवढंच की सगळे खातात म्हणून सगळे करतात. पचनाचा पहिला धडा इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे मिळणं कठीण आहे.

दुसरं जर्मनीचं, १९८९ चं, वेर्नर होल्त्सवार्ट यांनी लिहिलेलं आणि वोल्फ एर्लब्रुख यांनी चित्रं काढलेलं. जमिनीखाली राहणारा छोटा मोल (चिचुंदरीसारखा दिसणारा प्राणी) सकाळी डोकं बाहेर काढतो आणि कोणाची तरी शी थेट डोक्यावर पडते, मग ती तशीच डोक्यावर घेऊन हा कबुतर, घोडा, ससा, शेळी, गाय, डुक्कर सगळ्यांना विचारत फिरतो, तूच केलीस का? प्रत्येकजण 'माझी अशी असते' म्हणून करूनच दाखवतो आणि शेवटी माश्या वास घेऊन सांगतात की ही कुत्र्याची. तपास कसा करायचा, पुरावा कसा ताडून बघायचा हे तीन-चार वर्षांच्या मुलाला यातून छान कळतं. हे मराठीत वाचून दाखवायला घेतलं की आपल्या भाषेची श्रीमंती लक्षात येते. कबुतर शिटतं, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, गाईचं शेण, प्रत्येकाला वेगळा शब्द तयारच आहे!! शहरातल्या बऱ्याच मुलांना 'शी' सोडून यातले फारसे शब्द माहीत नसतात, तेव्हा वाचताना हे शब्द मुद्दाम वापरावेत.

२०१७ ला जपानमध्ये 'उन्को कांजी ड्रिल' आलं, पहिली ते सहावीच्या सहा वह्या, जपानी लिपीतली १००६ कांजी अक्षरं, प्रत्येकाची तीन वाक्यं म्हणजे ३०१८ वाक्यं आणि प्रत्येक वाक्यात 'उन्को' म्हणजे शी. तेच अक्षर परत परत गिरवायचा मुलांना कंटाळा येतो, इथे पुढचं वाक्य काय असेल या उत्सुकतेने ती लिहीत राहतात. लाखांनी खपलं.

गटारांची पुस्तकं जरा मोठ्या मुलांची. डेव्हिड मॅकॉले यांच्या 'अंडरग्राउंड' (१९७६) मध्ये शहरातल्या रस्त्याखालची जमीन काढून घेतल्यासारखी चित्रं आहेत, पाण्याचे पाइप, केबल, आणि ड्रेनेजची लाइन, जी उतार देऊन टाकतात म्हणजे घाण आपोआप वाहत जाते. पण भारतातल्या मुलासाठी असं पुस्तक करायचं तर नुसते पाइप दाखवून भागणार नाही, त्यात गटारात उतरणारा माणूसही यायलाच हवा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला गटारात उतरवायला बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि आतल्या विषारी गॅसने गुदमरून मरतात, आणि रस्त्यावर उघडं मॅनहोल दिसलं की मूल हाच प्रश्न विचारतं, आत कोण गेलंय?