आधी वायर, मग व्होल्ट
मिग वेल्डिंगमध्ये रॉडऐवजी रिळावरची बारीक वायर सतत पुढे येऊन वितळते. त्याच्या मशीनवर मुख्य नॉब दोन: एक व्होल्टेजचा, एक वायरच्या वेगाचा. अँपिअरचा नॉब सहसा नसतोच, आणि रॉडच्या वेल्डिंगवर हात बसलेला माणूस इथेच गोंधळतो.

करंट ठरतो तो वायरच्या वेगावरून. वायर जितकी जोरात येईल, तितका जास्त करंट ती वितळवायला लागतो आणि मशीन तो पुरवतं. व्होल्टेजने ठरते आर्कची, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या झोताची लांबी: वायरचं टोक आणि वितळलेला धातू यांच्यातलं अंतर. मशीन व्होल्टेज जवळपास स्थिर धरतं. हात हलून टॉर्च (वायर जिच्यातून बाहेर येते ती हातातली मूठ) २ मिमी वर गेली की आर्क लांबतो, करंट घसरतो, वायर सावकाश वितळते आणि टोक पुढे सरकून आर्क पुन्हा पूर्वीइतका होतो. टॉर्च खाली आली की याच्या उलट. हे सगळं डोळ्याला कळायच्या आत घडतं.

सुरुवात पत्र्याच्या जाडीपासून करावी. साध्या पोलादाला दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर, म्हणजे ३ मिमी पत्र्याला १२०. जाड प्लेटला हा हिशोब ताणू नये. ०.८ मिमीच्या भरीव (आत पावडर नसलेल्या) वायरला दर अँपिअरमागे मिनिटाला साधारण ५ सेंमी वेग लागतो, ०.९ मिमीला ४ आणि १.२ मिमीला अडीच. तेव्हा ०.८ वायर आणि १२० अँपिअर म्हणजे मिनिटाला ६ मीटर.

नॉबवर नुसतेच १ ते १० आकडे असतील तर टॉर्च जॉबपासून दूर धरून ६ सेकंद ट्रिगर दाबा, आलेली वायर मोजा आणि १० ने गुणा. ६० सेंमी भरली की ६ मीटर. ट्रिगर दाबलेला असताना वायरमध्ये वीज असते, हे मात्र विसरू नका.

व्होल्टेजचा अंदाज असा: करंटला ०.०५ ने गुणून १४ मिळवा. १२० अँपिअरला २० व्होल्ट येतात. जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस कार्बन डायऑक्साइड असेल तर तेवढे धरा. आर्गनच्या मिश्रणावर एक-दोन व्होल्ट कमी पुरतात.

आता त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर जोड मारून बघा आणि वायरचा वेग तसाच ठेवून फक्त व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने हलवा. दोन्ही नॉब एकदम फिरवले तर कशाने काय बदललं ते कधीच कळत नाही.

व्होल्टेज कमी असेल तर वायर पत्र्यावर ठोके देते, टॉर्च हाताला मागे ढकलते आणि जोड दोरीसारखा उंच बसतो. हा जोड वरून धड दिसतो, पण कडा मिसळलेल्या नसतात. हातोड्याच्या घावाने उखडतो. म्हणून ही चूक जास्त वाईट. व्होल्टेज जास्त झालं की तडतड जाऊन फुसफुस ऐकू येते, जोड रुंद-चपटा होतो, कडेला चर पडते, पातळ पत्र्याला भोक पडतं. आणखी वाढवलं तर आर्क वर चढून वायर कॉन्टॅक्ट टिपलाच, म्हणजे टॉर्चच्या टोकाच्या तांब्याच्या नळीलाच चिकटते. सेटिंग जमलं की एकसारखी, दाट तडतड येते: वायरचं टोक सेकंदाला साधारण ५० ते २०० वेळा वितळलेल्या धातूला टेकून थेंब सोडत असतं, त्याचाच तो आवाज.

तडतड मध्येच अडखळत असेल तर नॉबला हात लावू नका. टिपचं भोक झिजून लांबट झालेलं असतं, लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधली वायरची नळी) धूळ अडकलेली असते किंवा वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरची खाच दुसऱ्याच जाडीच्या वायरची असते. रोलर आवळून हे सुटत नाही. वायर चपटी होऊन टिपमध्ये आणखी अडकते आणि रोलरपाशी गुंता होतो.

आणि सगळे आकडे बरोबर असूनही जोड खोल जात नसेल, तर टिपपासून पत्र्यापर्यंतचं अंतर बघा. १० ते १२ मिमी हवं. काम करता करता ते २० वर गेलं की उघड्या वायरचाच रोध वाढतो, ती वाटेतच तापते आणि नॉब जागचा न हलता करंट उतरतो.